ट्रंकेत दोन जुनी रिव्हॉल्व्हरं सापडलीत, ओळखायला मदत हवी

माळ्यावरची_पेटी
नमस्कार मंडळी. थोरल्या काकूंचं घर आवरायचं काम चालू आहे. काका आधीच गेलेले, आता काकूही गेल्या, मुलं लांब, त्यामुळे सगळं माझ्याच गळ्यात आलंय. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत जुन्या वह्या, चष्म्याची घरं आणि सगळ्यात तळाशी तेलकट फडक्यात गुंडाळलेली दोन रिव्हॉल्व्हरं निघाली. घरात कुणालाच माहीत नव्हतं, किंवा माहीत असेल तर कुणी कधी बोललं नाही.

पहिलं अगदी छोटं, तळहातात मावेल एवढं. चापाभोवती कडं नाहीये, चाप पुढे दुमडून पोटाशी बसतो. लाकडी मूठ. नाव कुठेच नाही, नुसते बारीक शिक्के. सिलिंडरच्या मागच्या कडेला सहा खाचा आहेत, त्यातल्या तीन खाचांमधून पितळी खिळे वर आलेत, चौथ्या खाचेतही खिळा आहे पण तो आत दबलाय. हे गंजून अडकले असावेत, सिलिंडर फिरत नाहीये. काकांच्या हत्यारांच्या पेटीत छोटी हातोडी आहे, हलकेच ठोकून खिळे आत घालू का?

दुसरं मोठं आणि चांगलं जड. नळीवर लांबलचक इंग्रजी ओळ आहे, बरीच झिजलीय, पण "स्मिथ अँड वेसन" एवढं स्वच्छ वाचता येतं. वरची पट्टी उचलली की अख्खं मधोमध मोडल्यासारखं खाली वाकतं. सिलिंडर रिकामं आहे. घरात एक गोष्ट सांगतात की पणजोबांना एका फौजी साहेबाने लढाईनंतर आपलं रिव्हॉल्व्हर भेट दिलं होतं. ते हेच असेल का?

लोखंडी_भिंग
ताई, हातोडी खाली ठेवा. बाकी सगळं नंतर.

ते खिळे गंजाचे नाहीत, काडतुसांचे आहेत. हे पिनफायर रिव्हॉल्व्हर आहे. यातल्या काडतुसाला बुडाशी आडवी पिन असते, ती खाचेतून बाहेर डोकावते, घोडा वरून तिच्यावर आपटतो, पिन आत जाऊन आतली टोपी, म्हणजे ठिणगी पाडणारी छोटी वाटी, फोडते आणि बार होतो. म्हणजे तुम्ही हातोडीने जे करणार होतात तेच काम घोडा करतो. दबलेली पिन म्हणजे बहुतेक उडवलेलं काडतूस. वर आलेल्या तीन पिना म्हणजे तीन जिवंत काडतुसं धरून चाला.

आत्ता एवढंच करा: जिथे आहे तिथे राहू द्या, घोडा ओढू नका, सिलिंडर फिरवायचा प्रयत्न नको, नळीच्या समोर कुणी जाऊ नये, खोलीला कुलूप. आणि पोलिसांना फोन करून सांगा की वारशाच्या सामानात भरलेलं हत्यार सापडलंय, येऊन बघा. पिशवीत घालून स्वतः ठाण्यात घेऊन जाऊ नका, वाटेत एक धक्का पुरतो. मोठं आहे त्यालाही हात नको, रिकामं दिसत असलं तरी.

रात्रपाळी
एवढं घाबरवू नका हो त्यांना. शंभर दीडशे वर्षांपूर्वीची दारू, ती काय जिवंत राहणारे? ओल लागून माती झाली असेल केव्हाच.

लोखंडी_भिंग
@रात्रपाळी, हीच समजूत लोकांना नडते. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचं मिश्रण, साधारण ७५, १५, १० अशा प्रमाणात. ती कोरडी राहिली तर तिला वयच नसतं. सोरा स्वतःहून सडत नाही, कोळसा तर नाहीच नाही. आणि काडतूस म्हणजे बंद डबी, वर तेलकट फडकं, ट्रंक, माळा, म्हणजे ओल लागायला वाव कुठे आहे? टोप्यांमधे त्या काळी पाऱ्याचं फल्मिनेट असायचं, ते कालांतराने कमजोर होतं हे खरं, पण या तीनपैकी कुठलं कमजोर झालंय हे बाहेरून बघून कुणाला सांगता येणारे? मी तर सांगू शकत नाही बुवा.

उलटतपासणी
भिंगदादांशी शंभर टक्के सहमत, आणि भर घालतो. पिनफायरच्या आधीची जी टोपीवाली रिव्हॉल्व्हरं असतात, ज्यात काडतूस नसतं, दारू आणि शिशाची गोळी सिलिंडरमधे पुढून ठासायची आणि मागे छोट्या निपलवर टोपी बसवायची, त्यात तर फसगत अजून सोपी. मागून बघितलं तर टोप्या नाहीत म्हणून लोक म्हणतात रिकामं आहे. पण पुढून टॉर्च मारला की सिलिंडरच्या घरात, म्हणजे दारू-गोळी बसते त्या भोकात, करडी गोल गोळी बसलेली दिसते. टोपी नसली तरी आत दारू आहेच. त्यामुळे "मागून बघितलं, रिकामं होतं" हे वाक्य मी तरी ऐकून घेत नाही.

माळ्यावरची_पेटी
बापरे. हातोडी पेटीत परत ठेवली. फोन केलाय.

माळ्यावरची_पेटी
अपडेट देते. दोघे पोलीस आले, त्यांच्याबरोबर हत्यारांचा जाणकार माणूस होता. छोट्याचं सिलिंडर त्याने तिथे उघडलंच नाही, तसंच पेटीत ठेवून नेलं. नंतर कळवलं की आत चार काडतुसं होती, तीन न उडालेली आणि एक उडालेलं, म्हणजे भिंगदादा म्हणाले तस्संच. दोन्ही त्यांच्याकडे जमा आहेत, मला पावती मिळालीय. नेण्याआधी त्यांनी मला फोटो काढू दिले, टॉर्च तिरका धरा म्हणाले, खरंच शिक्के एकदम उठून दिसले. आता फोटोत दिसतंय ते सांगते.

छोट्याच्या सिलिंडरवर अंड्याच्या आकाराची चौकट, आत ई, एल, जी अशी अक्षरं आणि खाली चांदणीसारखं काहीतरी. दोन ठिकाणी एकेक इंग्रजी अक्षर आहे आणि त्याच्या डोक्यावर छोटी चांदणी. फ्रेमवर चार आकडी नंबर. बास, नाव गाव काही नाही.

लोखंडी_भिंग
वा, यात बरंच काही आहे. बघा कसं जुळतं ते.

अंडाकृती चौकटीतली ई एल जी ही बेल्जियममधल्या लिएजच्या प्रूफ हाऊसची खूण. प्रूफ म्हणजे हत्यारात मुद्दाम जास्त दारू भरून बार काढायचा, फुटलं नाही तर शिक्का. लिएज हे तेव्हा स्वस्त रिव्हॉल्व्हरांचं मोठं केंद्र, घराघरात कुणी नळ्या करतोय, कुणी सिलिंडर, कुणी नुसत्या मुठी, आणि बाजारात माल जायचा विकणाऱ्याच्या नावाने नाहीतर बिननावाचा. म्हणून नाव नाही याचं वाईट वाटून घेऊ नका, बिननावाची पिनफायर रिव्हॉल्व्हरं ढिगाने आहेत.

आता वय. हा अंडाकृती शिक्का १८१० पासूनचा. १८९३ मधे त्याच्यावर मुकुट आला. तुमच्या फोटोत चौकटीच्या डोक्यावर मुकुट आहे का ते नीट बघा, कारण सगळी गंमत तिथे आहे. मुकुट नसेल तर १८९३ च्या आधीचं. आणि ती डोक्यावर चांदणी असलेली अक्षरं म्हणजे तपासनिसांच्या खुणा. १८५३ पासून त्यांच्या अक्षरावर मुकुट असायचा, १८७७ मधे मुकुट जाऊन चांदणी आली. म्हणजे चांदणी आहे याचा अर्थ १८७७ नंतर.

माळ्यावरची_पेटी
झूम करून करून बघितलं, चौकटीवर काहीही नाही. वर कोरी जागा आहे, झिजलेलंही वाटत नाही.

लोखंडी_भिंग
मग झालं की. १८७७ ते १८९३ च्या मधलं, लिएज, खिशात ठेवायचं पिनफायर. नाव नसलेल्या वस्तूचं वय एवढं नेमकं ठरतं हे बऱ्याच भारी नावाच्या हत्यारांच्या बाबतीतही होत नाही.

पिनफायर काडतुसाची कल्पना फ्रान्समधल्या काझिमीर लफॉशोची, रिव्हॉल्व्हरमधे ती चालवली त्याच्या मुलाने, युजीनने, त्याचं १८५४ चं मॉडेल प्रसिद्ध आहे आणि १८५८ मधे फ्रेंच नौदलाने १२ मिलिमीटरचं घेतलं. तुमचं बहुतेक ७ मिलिमीटरचं, कारण तळहातात मावणारी ५ किंवा ७ ची असतात, ९ आणि १२ ची अंगाने मोठी. परत बघायला मिळालं आणि रिकामं असल्याची खात्री झाली की सिलिंडरच्या घराचं तोंड कॅलिपरने मोजा, पट्टीने नको.

निवांत_काका
मधेच बोलतो, माफी. दुमडणाऱ्या चापावरून आठवलं, वेलोडॉग नावाचा एक प्रकार असायचा, १८९० च्या दशकात फ्रान्समधे निघाला, गॅलाँ नावाच्या बंदूक बनवणाऱ्याने काढला. सायकलवाल्यांच्या मागे कुत्री लागायची म्हणून खिशात ठेवायला! चाप दुमडायचा कारण खिशात अडकू नये. साडेपाच पावणेसहा मिलिमीटरचं लांबुडकं बारीक काडतूस. ताईंचं तेच तर नाही ना?

लोखंडी_भिंग
काका, चाप सारखाच पण वेलोडॉगचं काडतूस सेंटरफायर, म्हणजे टोपी बुडाच्या मधोमध. त्यात सिलिंडरच्या कडेला खाचा नसतात. काडतूस पेटवायची पद्धत आधी बघायची, आकार नंतर. निपल दिसले तर टोपीवालं, कडेला खाचा असतील तर पिनफायर, आणि घोड्याचं टोक सिलिंडरच्या मागे मधोमध आपटत असेल तर सेंटरफायर, घराच्या कडेवर आपटत असेल तर रिमफायर. एवढ्यावरच अर्धी शतकं बाद होतात.

तिरकी_तारीख
माझ्याकडेही एक आहे, रीतसर परवान्यावर, सासऱ्यांकडून आलेलं. त्यावर लिहिलंय "पेटंट १८६५, १८६९" आणि खरोखरचं स्मिथ अँड वेसन आहे. म्हणजे १८६९ चं म्हणायचं ना?

उलटतपासणी
नाही हो. पेटंटची तारीख म्हणजे युक्तीची तारीख, वस्तूची नाही. शेवटच्या तारखेच्या आधीचं ते नसणार एवढंच त्यावरून कळतं, नंतर कितीही वर्षं तीच ओळ नळीवर ठोकत राहायचे. वय काढायचं ते सिरियल नंबरावरून. तो मुठीच्या बुडाशी असतो. आणि सिलिंडर बाजूला उघडणारं असेल तर त्या बिजागराच्या आत आणखी नंबर दिसतात, ते जोडणीचे, सिरियल समजून घेऊ नका, त्यावरून लोक भलतंच वर्ष काढून मोकळे होतात.

तसंच कोल्ट का स्मिथ हे ठरवायचं तर, बाजूला उघडणाऱ्यात, कोल्टची कळ मागे ओढतात, स्मिथची पुढे ढकलतात. मागून बघताना कोल्टचं सिलिंडर, अगदी सुरुवातीची १८८९ च्या पद्धतीची मॉडेलं सोडली तर, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतं, स्मिथचं उलटं. नाव घासून गेलेलं असलं तरी हे घासून जात नाही. कोल्टने बाजूला उघडणारं १८८९ मधे आणलं, स्मिथने १८९६ मधे, म्हणजे तसं काही हातात आलं आणि कुणी सांगितलं की हे १८७५ चं आहे तर हसून सोडून द्यायचं.

लोखंडी_भिंग
ताई, आता तुमचं मोठं. नळीवरच्या ओळीचा एकदम जवळून फोटो टाका, आणि "स्मिथ अँड वेसन" च्या आधी आणि नंतर काय उरलंय ते अक्षर अक्षर लिहा. अंदाजाने भरू नका, जागा सोडा.

माळ्यावरची_पेटी
सुरुवातीला दोन तीन शब्द पूर्ण गेलेत. मग "फिट बेस्ट" असं वाटतंय, मग कोरं, मग एक शब्द अर्धा, त्याच्यानंतर "रिव्हॉल्व्हर", मग परत झिजलंय आणि शेवटी "स्मिथ अँड वेसन" आणि त्यापुढे एक शब्द जो काडतुसांसाठीचा इंग्रजी शब्द वाटतोय. फिट बेस्ट म्हणजे काय प्रकार?

लोखंडी_भिंग
हा हा, सापडला. ताई, हे स्मिथ अँड वेसनचं नाही. हे स्पेनचं आहे, तिथल्या एइबार गावचं.

तिथले कारखाने स्मिथच्या मोडणाऱ्या मॉडेलांच्या हुबेहूब नकला काढायचे, आणि नळीवर इंग्रजीत लांबलचक ओळ घालायचे की अमुक रिव्हॉल्व्हरला स्मिथ अँड वेसनची काडतुसं उत्तम बसतात, अशा अर्थाची. अक्षराने खोटं काही नाही, काडतुसं बसतातच. पण गिऱ्हाइकाच्या डोळ्यात भरायचं ते मोठं नाव. आणि शंभर वर्षांनी बाकीची ओळ झिजते आणि तेवढंच नाव उरलेलं असलं की घरचे सगळे म्हणतात स्मिथ अँड वेसन. काही नळ्यांवर नुसतंच "थर्टीएट स्मिथ अँड वेसन" आणि पुढे काडतुसाच्या शब्दाचं लघुरूप असतं, तेही काडतुसाचं नाव, कारखान्याचं नव्हे. बेल्जियममधेही हा उद्योग चालायचा.

मुठीवरच्या गोल खुणेचा फोटो असेल तर बघा, त्यात अक्षरं एकमेकांत गुंफलेली असतील. लांबून स्मिथच्या खुणेसारखी दिसतात, जवळून बघितलं की अक्षरं वेगळीच निघतात.

माळ्यावरची_पेटी
बघितलं. एस आणि डब्ल्यू नाहीत. एक ओ सारखं आहे, दुसरं कळत नाहीये.

म्हणजे पणजोबांची गोष्ट खोटी?

रात्रपाळी
लगेच खोटी कशाला? माझ्या वाचनात आलंय की पहिल्या महायुद्धात इंग्रजांकडे रिव्हॉल्व्हरं कमी पडली तेव्हा त्यांनी स्पेनकडून असलीच मोडणारी घेतली होती. साहेबाचं तेच असू शकतं की!

उलटतपासणी
रात्रपाळीने या वेळी मुद्द्याचं काढलं. खरं आहे ते. इंग्रजांनी एइबारच्या दोन कारखान्यांकडून घेतली, गाराते अनितुआ आणि ट्रोकाओला आरान्साबाल, पाच इंची नळी, पॉइंट ४५५ इंच कॅलिबर (म्हणजे नळीच्या भोकाचं माप), आणि त्यांना ओल्ड पॅटर्न असं अधिकृत नाव होतं. दिसायला तुमच्या फोटोसारखीच.

पण मग तीन गोष्टी दिसायला हव्यात. एक, सरकारी बाण, म्हणजे कोंबडीच्या पायासारखी तीन रेघांची खूण, ब्रिटिश सरकारी मालावर असतेच. दोन, इंग्लंडमधले प्रूफचे शिक्के किंवा सैन्याच्या तपासणीच्या खुणा. तीन, नळीचं भोक. ४५५ ची गोळी साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास, नळीचं तोंड बघितल्यावर करंगळी आत जाईल की काय असं वाटतं. ३८ स्मिथची गोळी नऊ मिलिमीटरच्या थोडी वर. यात गोंधळ व्हायला जागाच नाही. फक्त एक, सिलिंडरचं घर मोजून नळीचं माप सांगू नका, घर नेहमी मोठं असतं कारण त्यात पितळी टरफल मावायचं असतं.

आणि दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर असतील तर तो माल सरकारने सेवेतून काढून विकलेला. ते असेल तर भेट दिल्याची गोष्ट जरा जास्त पटेल, कारण मग ते साहेबाच्या खाजगी हातात कायदेशीरपणे आलेलं असणार.

माळ्यावरची_पेटी
बाण कुठेच नाही, चारी बाजूंचे फोटो बघितले. भोकाचं माप पावतीवर आहे! त्यांनी लिहून दिलंय, "नळी अंदाजे ९ मि.मी., पाच घरं". आणि नळीची लांबी चार इंच.

उलटतपासणी
मग मिटलं. पाच घरं, ९ मिलिमीटर, चार इंची. ४५५ वालं सहा घरांचं असतं. हे दुकानात विकलेलं ३८ चं नागरी रिव्हॉल्व्हर.

लोखंडी_भिंग
सहमत. आणि गोष्टीबद्दल म्हणायचं तर, गोष्ट खरी असेल, फक्त ते रिव्हॉल्व्हर हे नसेल. अधिकारी स्वतःचं हत्यार स्वतः विकत घ्यायचे, त्यामुळे साहेबाचं खाजगी असेल तर सरकारी बाण नसणार, हेही तितकंच खरं. ब्रिटिश सैन्यात तर अधिकाऱ्याने रिव्हॉल्व्हर आपल्या पैशानेच घ्यायची रीत होती, अट एवढीच की सरकारी काडतूस त्यात चाललं पाहिजे. तिथेच हे अडतं. सरकारी काडतूस ४५५ आणि हे ३८ स्मिथचं. पुढे १९३० च्या दशकात ब्रिटिश सैन्यात एनफिल्डचं ३८ आलं खरं, १९३२ ला, त्याचं काडतूस आकाराने ३८ स्मिथसारखंच. पण तोवर कुणी साहेब एइबारची नक्कल कमरेला लावून हिंडेल असं मला नाही वाटत, ब्रिटिश सैन्याचं नेहमीचं वेब्ली रिव्हॉल्व्हर मिळत असताना.

तुमच्या वह्यांमधे काही नोंद आहे का? जुना परवाना, दुकानाची पावती, काडतुसांच्या खरेदीचा हिशोब? परवान्यावर नंबर लिहिलेला असतो आणि तो फ्रेमवरच्या नंबराशी जुळला की चर्चाच संपते.

माळ्यावरची_पेटी
वह्या बघते. हिशोबाच्याच आहेत बहुतेक.

खारीचा_वाटा
मी वाचनमात्र असते पण विचारल्याशिवाय राहवेना. आमच्याकडे भिंतीवर टांगलेलं एक लांब नळीचं आहे, पितळी कडं, सिलिंडरवर जहाजांची लढाई कोरलेली. घरी सगळे म्हणतात १८५१ चं कोल्ट नेव्ही. माझ्या दिरांनी तर विमा उतरवायचं चाललंय म्हणाले.

लोखंडी_भिंग
विम्याआधी नळीच्या खालच्या आणि फ्रेमच्या बाजूला बघा: चांदणीखाली पी एन अशी अक्षरं आहेत का, आणि छोट्या चौकटीत रोमन आकडा किंवा दोन इंग्रजी अक्षरं आहेत का?

खारीचा_वाटा
चौकटीत ए ए आहे. आणि पी एन पण आहे, वर चांदणी. आणि नळीवर इंग्रजीत फक्त काळी दारू वापरा असं काहीतरी.

लोखंडी_भिंग
मग तो इटलीचा माल, १९७५ चा. पी एन हा इटालियन प्रूफ हाऊसचा काळ्या दारूचा शिक्का आणि चौकटीतला कोड वर्षाचा, तिकडे १९७५ ला ए ए. मूळ कोल्टवर असली सूचना कशी असेल, १८५१ मधे दुसरी दारूच नव्हती ना. मूळ नेव्हीवरही जहाजांची लढाई असते, १८४३ ची टेक्सासच्या नौदलाची, त्यामुळे कोरीवकामावरून फसायला होतंच. इटलीत या नकला १९५० च्या दशकाच्या शेवटापासून उत्तम बनतात. आणि लक्षात घ्या, ही नक्कल चालणारी असते. भिंतीवर टांगलंय म्हणून शोभेचं समजू नका, सिलिंडर पुढून बघा आणि तुमच्याकडे यासाठी परवाना लागतो का तेही.

खारीचा_वाटा
दिरांना सांगायचं कसं हाच आता प्रश्न आहे 😅 धन्यवाद.

निवांत_काका
कायद्याचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो, जुनं म्हणजे मोकळं असं समजू नये. प्रत्येक देशाची रेघ वेगळी. अमेरिकेच्या संघीय कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेलं ते अँटिक. ब्रिटनमधे नुसतं वय बघत नाहीत, काडतूस कुठलं ते बघतात, २०२१ मधे त्यांनी नियमात काडतुसांची यादीच घातली, आणि १ सप्टेंबर १९३९ च्या आधी बनलेलं हवं अशी अटही. काही काडतुसं यादीबाहेर गेली आणि कपाटात निवांत पडलेली हत्यारं एका रात्रीत परवान्याची झाली. बऱ्याच देशांत तर चालण्याजोगं आहे म्हणजे शस्त्र, मग ते पणजोबांचं असो की कालचं. इंटरनेटवर दुसऱ्या देशातला माणूस "अँटिक आहे, काही लागत नाही" म्हणाला तर त्याच्या देशापुरतं खरं असेल. जिथे राहता तिथल्या वकिलाला विचारा.

तिरकी_तारीख
एक शंका. ताईंना परत मिळालं तर साफ कसं करायचं? माझ्याकडच्यावर तपकिरी डाग आहेत, बारीक पॉलिशपेपर मारावा का?

उलटतपासणी
पॉलिशपेपर, तारेचा ब्रश, भांडी घासायची काथ्या, यातलं काहीही लावू नका. शिक्के तेवढे पातळ पातळ होतात, आणि ज्या तपकिरी थराला तुम्ही डाग म्हणताय तो धातूचं वय आहे, घासला की संग्राहकाच्या लेखी किंमत निम्म्याहून खाली. मऊ सुती कापडावर दोन थेंब हलकं तेल, बास. लाल, भुसभुशीत, बोटाला लागणारा गंज असेल तर तो वेगळा, तो वाढत राहतो, त्यासाठी जाणकाराकडे द्या. आणि स्क्रू उघडू नका हो! या जुन्या स्क्रूच्या खाचा अरुंद, आजचा स्क्रूड्रायव्हर बसत नाही, घसरतो, खाच फाटते, आणि मग कुणीही बघून सांगतो की हे घरी उघडलंय.

कातडी म्यानात ठेवू नका हेही. कातडं कमावताना वापरलेली रसायनं ओलावा धरतात आणि म्यानाच्या आतल्या बाजूनेच गंज चढतो, वरून नुसतं झकास दिसतं.

रात्रपाळी
आणि चालवून बघायचं झालं तर?

लोखंडी_भिंग
नाही. पिनफायरचा तर प्रश्नच नाही, काडतुसंच नाहीत. मोठ्याचं सांगतो, ३८ स्मिथची काडतुसं आजही बनतात, घरात बसतीलही, आणि तिथेच घात आहे. एइबारच्या नागरी मालाचं पोलाद कसं आहे हे एकेका नगावर ठरतं, बऱ्याच नगांवर प्रूफचा शिक्काही नाही. वरची पट्टी, जी उचलून मोडतं, तिथेच फ्रेम सैल झालेली असते. बंद करून नळी हलकेच हलवली तर खुळखुळ जाणवते, आणि बार झाला की तीच जागा तुमच्या तोंडासमोर असते.

माळ्यावरची_पेटी
वह्यांमधे सापडलं!! हिशोबाच्या वहीत मधेच एक घडी घातलेला कागद आहे, जुना परवाना, शाई फिकट झालीय पण वाचता येतंय. पणजोबांचं नाव नाही, त्यांच्या भावाचं आहे. हत्यार: "रिव्हॉल्व्हर, ३८, एक", नंबर पाच आकडी. कारखान्याच्या रकान्यात स्मिथ अँड वेसन लिहिलंय. 😀

उलटतपासणी
म्हणजे कारकुनानेही नळीवरचं तेवढंच वाचलं. नंबर जुळतोय का मोठ्याच्या फ्रेमवरचा?

माळ्यावरची_पेटी
फोटोत शेवटचे तीन आकडे दिसतायत, ते जुळतात. पहिले दोन मुठीच्या लाकडाखाली गेलेत. परवान्यावर छोट्याचा उल्लेखच नाही, एकच हत्यार आहे.

लोखंडी_भिंग
तर मग मोठं भावाचं, परवान्याचं, आणि छोटं कुणाचं ते अजून कळायचंय. परवान्याची मूळ प्रत कुणाला देऊ नका, झेरॉक्स द्या. पोलिसांना कळवा की मुठीखालचे आकडे त्यांच्या जाणकाराने बघून लेखी द्यावेत, मूठ एका स्क्रूवर असते, त्याला ते जमेल. आणि परवान्यावर तारखेचा शिक्का असेल तर तेवढा फोटो टाका, नाव झाकून.

माळ्यावरची_पेटी
शिक्का गोल आहे, तारीख अर्धी दिसतेय, वर्षाचे शेवटचे दोन आकडे दुमडीत फाटलेत. उद्या उजेडात परत काढते.